मुकं कुणाला म्हणायचं?

(संघटनेच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

अभ्यासवर्गाच्या विषयांची यादी हातात पडल्यावर बऱ्याचजणींनी मला विचारलं, की ऑटिझम, गुरंढोरं आणि स्त्रियांची चळवळ यांचा एकमेकांशी संबंध तरी काय? प्रश्न रास्त आहे. घरातली हिंसा, वारसाहक्क, रेशन असे विषय समोर असताना हे कुठलं मध्येच? म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकते. मला तीन गोष्टी बोलायच्या आहेत. जो आपल्यासारखं बोलत नाही त्याला मनच नाही, असं ठरवून मोकळं व्हायची समाजाला सवय आहे. पहिली गोष्ट त्या सवयीची. दुसरी, त्या सवयीची किंमत बाईला कशी मोजावी लागते त्याची. आणि तिसरी, दुसऱ्याचं मन समजून घ्यायचं म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं, याची.

मी पशुवैद्यक. १९८९ साली तालुक्याच्या दवाखान्यात रुजू झाले, तेव्हा गाय घेऊन आलेला शेतकरी माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायचा आणि विचारायचा, "डॉक्टर कुठं गेलेत?" नोकरीची सगळी वर्षं मी अशा पेशंटांबरोबर काढली, ज्यांना कुठे दुखतंय ते सांगता येत नाही. त्यामुळे जनावरांचं मन हा विषय माझ्या रोजच्या कामाचाच होता. ऑटिझमकडे मी वळले ती एका बाईच्या पुस्तकांमुळे. टेंपल ग्रँडिन तिचं नाव. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याच्या विद्यापीठात ती १९९० पासून पशुविज्ञान शिकवत आली आहे. ती स्वतः ऑटिस्टिक आहे. तिच्यावर २०१० साली एक चित्रपटही निघाला. तिचं काम मी आधी वाचलं ते खोड्यात जनावर कसं उभं करावं हे शिकण्यासाठी. वाचता वाचता त्यात मला आपल्या चळवळीचे प्रश्न दिसू लागले.

आधी ऑटिझम म्हणजे काय ते थोडक्यात. हे वेड नव्हे, आणि कुणाची करणीही नव्हे. ही मेंदूची जन्मापासूनची वेगळी घडण आहे. काही मुलं उशिरा बोलतात, काही कधीच बोलत नाहीत, काही पुस्तकी भाषेत घडाघडा बोलतात पण समोरच्याच्या चेहऱ्यावरचा भाव त्यांना चटकन उलगडत नाही. ठरलेल्या गोष्टी ठरल्याप्रमाणे झाल्या नाहीत तर जीव कासावीस होतो. आवाज, उजेड, वास, कपड्याचा स्पर्श हे आपल्यापेक्षा फार जास्त, किंवा फार कमी जाणवतात. सगळी माणसं एका मापाची नसतात. कुणाला आयुष्यभर आधार लागतो, कुणी प्राध्यापक होतं.

मराठीत आपण याला 'स्वमग्नता' म्हणतो. मूळ शब्द स्विस डॉक्टर ब्लॉयलर यांनी १९११ च्या सुमारास 'ऑटोस' म्हणजे 'स्वतः' या ग्रीक शब्दावरून बनवला, तोही वेगळ्याच आजाराच्या संदर्भात. 'स्वमग्न' हा शब्द देखणा आहे, पण तो बाहेरून बघणाऱ्याचा शब्द आहे. खोलीतल्या ट्यूबलाइटची घरघर ज्या मुलाच्या कानात सुईसारखी टोचते, ते मूल स्वतःत मग्न नसतं. ते जगाने बेजार झालेलं असतं. नाव ठेवणारा कोण आणि नाव कुणाला ठेवलं जातं, हा प्रश्न आपल्याला नवा नाही.

आता इतिहास बघू. १९२५ साली मॉस्कोमध्ये ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टर बाईंनी अशा सहा मुलग्यांचं बारकाईने वर्णन लिहिलं. पुढच्याच वर्षी ते जर्मन भाषेत छापून आलं. त्यानंतर त्यांनी मुलींबद्दलही लिहिलं. पण पाठ्यपुस्तकांत नावं लागली ती १९४३ साली लिहिणाऱ्या बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांचं आणि १९४४ साली लिहिणाऱ्या व्हिएन्नाच्या हान्स आस्पर्गर यांचं.

कॅनर यांनी ११ मुलांचा अभ्यास केला. आठ मुलगे, तीन मुली. मुलांबद्दलची त्यांची निरीक्षणं आजही वाचण्यासारखी आहेत. पण ती लिहिताना त्यांनी आईबापांकडेही पाहिलं, आणि त्यांना ते थंड, कोरडे वाटले. शिकलेले, पुस्तकात डोकं घालणारे, मुलाला मायेने जवळ न घेणारे. बीज तिथे पडलं. त्या काळात मनोविश्लेषणाचा अमेरिकेत मोठा दबदबा होता, आणि मुलाचं काहीही बिघडलं की बोट आईकडे जायचं. बघता बघता 'आईबाप' मधला बाप गळून पडला आणि उरली 'थंड आई'. तिला इंग्रजीत चक्क शीतकपाट आई म्हणू लागले! १९६७ साली शिकागोच्या ब्रुनो बेटेलहाइम यांनी एक गाजलेलं पुस्तक लिहिलं. स्वतः नाझी छळछावणीत राहिलेला हा माणूस. त्यांनी त्या मुलांच्या अवस्थेची तुलना छावणीतल्या कैद्यांशी केली. मग अशा घरात पहारेकरी कोण ठरली, हे तुम्हीच ओळखा. उपाय काय, तर मुलाला आईपासून दूर ठेवा. मैत्रिणींनो, विचार करा. एखादी आई रात्र रात्र मुलाला घेऊन बसते, ते कशाने शांत होतं, कशाने बिथरतं, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. आणि तिलाच सांगायचं, की बाई, तूच याचं कारण आहेस!

हे खोटं आहे, असं पुराव्यानिशी मांडलं ते बर्नार्ड रिमलंड यांनी, १९६४ साली. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि ऑटिस्टिक मुलाचे वडील होते. १९७७ साली सुसान फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या मुलांचा अभ्यास करून यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे हे दाखवलं. त्याआधी १९६९ साली पालकांच्या सभेत खुद्द कॅनर यांनी उभं राहून पालकांना दोषमुक्त केलं. लंडनच्या लोर्ना विंग मानसोपचारतज्ज्ञ होत्या, आणि ऑटिस्टिक मुलीची आई होत्या. १९६२ साली त्यांनी इतर पालकांबरोबर संघटना उभी केली, आणि १९७९ साली ज्युडिथ गूल्ड यांच्यासह एका वस्तीतल्या मुलांची पाहणी करून ऑटिझमची व्याप्ती समजली जाते त्यापेक्षा कितीतरी मोठी आहे, हे पुढे आणलं. आपल्याकडेही दिल्लीत १९९१ साली या कामाची मोठी संस्था उभी राहिली ती मेरी बरुआ या एका आईच्या पुढाकाराने. म्हणजे ज्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं, त्यांनीच पुढे हे शास्त्र पुढे नेलं.

विज्ञानाने आईला सोडलं, पण गावाने अजून सोडलेलं नाही. आपल्याकडे त्याला मनोविश्लेषणाची भाषा नसते, एवढंच. "गरोदरपणी ग्रहण पाळलं नाहीस", "नोकरी केलीस, मग मूल कसं बोलणार", "मोबाइल हातात दिलास", "आमच्या घराण्यात असं कुणी नव्हतं". माझ्या ओळखीच्या एका बाईला अशा मुलासकट माहेरी धाडलं. नवऱ्याने दुसरं लग्न केलं. ती मला म्हणाली, "मुलगा बोलत नाही याचं दुःख नाही हो मॅडम. त्याला काय पाहिजे ते मला कळतं. पण मला ते कळतं, हेच कुणाला पटत नाही." या वाक्याशी आपल्याला पुन्हा यायचं आहे.

आता टेंपलकडे वळते. जन्म १९४७, बोस्टनचा. साडेतीन वर्षांची होईपर्यंत ती बोलली नाही. किंचाळायची, अंगाला हात लावू द्यायची नाही. मेंदूला इजा आहे असं सांगितलं गेलं. त्या काळी अशा मुलांना संस्थेत ठेवून विसरून जायची रीत होती, आणि वडिलांचा कलही तिकडेच होता. आई युस्टेशिया कटलर ठाम राहिली. तिने बोलायला शिकवणारी बाई शोधली, घरी सांभाळायला बाई ठेवली, आळीपाळीचे खेळ खेळवले, साध्या शाळेत घातलं. पुढे नवराबायकोचं जमलं नाही, घटस्फोट झाला. आता हेही सांगायला हवं, की युस्टेशियाजवळ पैसा होता, घरात कामाला माणसं होती. प्रत्येक आईला "तू टेंपलच्या आईसारखं कर" असं सांगणं हा नवा जाच होईल. आईने एकटीने पर्वत उचलावा, हे आपलं म्हणणं नाही. आपलं म्हणणं आहे की तो सगळ्यांनी मिळून उचलावा.

मोठ्या शाळेत मुली चिडवायच्या. एकीच्या अंगावर पुस्तक फेकलं म्हणून टेंपलला शाळेतून काढलं. मग वसतिगृहाची शाळा, तिथे घोडे होते, आणि तिला प्रयोगांकडे वळवणारे एक विज्ञानशिक्षक होते. एका उन्हाळ्यात ती ॲरिझोनाला सावत्र आत्याच्या रँचवर राहिली. तिथे तिने लस टोचण्यासाठी गुरांना खोड्यात घेताना पाहिलं. दोन बाजूंच्या फळ्या जवळ येऊन जनावराला दाबून धरायच्या, आणि बिथरलेली काही गुरं त्या दाबाने निवायची. टेंपल त्या वयात सतत धास्तावलेली असायची. माणसाची मिठी तिला सोसायची नाही, पण दाब मात्र हवासा वाटायचा. ती स्वतः त्या खोड्यात शिरली आणि तिला शांत वाटलं. मग तिने स्वतःसाठी गादीच्या फळ्यांचं यंत्र बनवलं, ज्याचा दाब तिला स्वतःच्या हाताने कमीजास्त करता येई. मोठ्यांना हे विचित्र वाटलं, यंत्र काढून घ्यायच्या गोष्टी झाल्या. तिने उलट ठरवलं, की याने मन का निवतं ते शास्त्राने सिद्ध करायचं. तिथून ती अभ्यासाला लागली.

माझ्या दवाखान्यातही लोखंडी पाइपांचा खोडा होता. त्यात हजारो जनावरं उभी केली. पण आत शिरून बघावं, आतून जग कसं दिसतं ते तपासावं, हे डॉक्टरीच्या कुठल्या पुस्तकात नव्हतं.

१९७० च्या दशकात ॲरिझोनात ती गुरांच्या वाड्यांवर जाऊ लागली. हजारो गुरं पोसायचे हे वाडे म्हणजे निव्वळ पुरुषांचं राज्य. एका वाड्यावर तिला फाटकातूनच परत पाठवलं. कारण काय सांगितलं? तर इथल्या गड्यांच्या बायकांना बाई आलेली आवडत नाही! म्हणजे बाहेर ठेवायचं पुरुषांनी, आणि नाव सांगायचं बायकांचं. एकदा तिच्या मोटारीवर बैलांचे कापलेले वृषण टाकून ठेवले होते. ती तिथून पळाली नाही. शेतीविषयक मासिकात लिहायचं काम धरलं, वार्ताहराचं ओळखपत्र मिळवलं आणि त्या जोरावर आत गेली. विद्यापीठातही, खोड्यातल्या गुरांचं वागणं हा काही अभ्यासाचा विषय नाही, असं तिला सांगण्यात आलं. तिने दुसरे मार्गदर्शक शोधले, १९७५ साली त्याच विषयावर पदवी घेतली आणि १९८९ मध्ये डॉक्टरेट.

आत जाऊन तिने केलं काय? वाड्यात गुरं एका ठरावीक जागी अडायची, मागे फिरायची. गडी ओरडायचे, विजेचा झटका देणारी काठी टोचायचे. जनावर अडेल, मठ्ठ आहे, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. टेंपल त्या अरुंद गल्लीत स्वतः उतरली, गुडघ्यावर बसली आणि गुराच्या डोळ्यांच्या उंचीवरून बघितलं. तेव्हा दिसलं. एक साखळी लोंबकळत हलते आहे. जमिनीवर उन्हाची आणि सावलीची पट्टी आडवी पडली आहे. डबक्यात काहीतरी चमकतं आहे. कुंपणावर कुणीतरी पिवळा रेनकोट टाकला आहे. कुठेतरी हवा सुटल्याचा फुस्स आवाज येतो आहे. माणसाला या गोष्टी दिसत नाहीत असं नाही. तो त्या बघत नाही. गाईला त्या सगळ्या एकदम दिसतात. साखळी काढा, रेनकोट उचला, दिवा हलवा, आणि तेच अडेल जनावर आपल्या पायांनी चालत जातं.

मग तिने वाटांची रचनाच बदलली. भिंती भरीव केल्या, म्हणजे बाहेरची हालचाल दिसणार नाही. वाट गोलाईत वळवली, कारण आलो त्या दिशेला परत फिरावं ही गुरांची प्रवृत्ती असते, आणि वळणावर पुढची गर्दीही दिसत नाही. पुढे उत्तर अमेरिकेतल्या जवळजवळ अर्ध्या गुरांच्या वाट्याला तिने आखलेल्या सोयी आल्या. १९९० च्या दशकात तिने कत्तलखान्यांसाठी मोजणीची पद्धत बसवली. शंभरातली किती जनावरं ओरडली, किती घसरून पडली, किती जणांना विजेची काठी लावावी लागली, किती पहिल्याच फटक्यात बेशुद्ध झाली. "आम्ही प्राण्यांची काळजी घेतो" असल्या पाटीला तिच्या लेखी अर्थ नव्हता. आकडा दाखवा. १९९९ पासून मॅकडोनाल्ड्ससारख्या मोठ्या गिऱ्हाइकाने या मोजणीवर माल घ्यायचा की नाही ते ठरवायला सुरुवात केली, तेव्हा वर्षानुवर्षं न बदललेल्या गोष्टी काही महिन्यांत बदलल्या.

तिला हे दिसलं कसं? ती सांगते, की ती शब्दांत विचार करत नाही, चित्रांत करते. 'देऊळ' म्हटलं की आपल्या मनात ढोबळ देऊळ येतं. तिच्या मनात तिने पाहिलेली देवळं एकेक करून येतात. जनावरंही शब्दांवाचून, दृश्य, आवाज, वास यांतून विचार करत असणार, हे तिला त्यामुळे सुचलं. तिने एका घोड्याची हकिगत सांगितली आहे. काळी टोपी घातलेल्या माणसाने त्याला छळलं होतं. तो घोडा माणसांना भ्यायचा नाही, पांढऱ्या टोपीला भ्यायचा नाही, फक्त काळ्या टोपीला भ्यायचा. त्याची भीती वेडगळ नव्हती, नेमकी होती.

आता आपल्या गोठ्यात या. धार कोण काढतं? शेण कोण काढतं, वैरण कोण टाकतं? आणि दूध संघाच्या पुस्तकात नाव कुणाचं? घराघरात बायांनी मला सांगितलेलं आहे, "परका माणूस गोठ्यात आला की ही पान्हा चोरते." पुरुष हसायचे, बायकांच्या काहीतरी कल्पना म्हणायचे. शास्त्र काय सांगतं? वासराच्या ढुशीने, ओळखीच्या हाताने गाईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं आणि दूध कासेतून सडात उतरतं. गाय भ्याली की ॲड्रिनलिन वाढतं आणि ते उतरणं थांबतं. म्हणजे 'पान्हा चोरते' हे वाक्य शरीरशास्त्राचं होतं, पण ते बाईने चुलीपाशी उच्चारलं म्हणून त्याला ज्ञान म्हटलं गेलं नाही.

याच्याही पुढचं सांगते. म्हशीचं रेडकू मेलं की ती धार देत नाही. तेव्हा मेलेल्या रेडकाच्या कातड्यात भुसा भरून ते तिच्यापुढे ठेवायची रीत मी पाहिली आहे. हल्ली बेकायदा ऑक्सिटोसिन टोचतात. जनावराला कसली आली भावना, असं म्हणणारा माणूसच हे करतो. तिच्या आईपणावर त्याचा पुरेपूर विश्वास आहे. फक्त तो दुधापुरता आहे. हे ऐकताना तुम्हाला दुसरं काही आठवलं असेल, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

आणि ती 'गरीब गाय'! मुलगी पसंत करताना वापरतात तो शब्द. डॉक्टर म्हणून सांगते, मान खाली घालून निमूट उभी असलेली प्रत्येक गाय शांत नसते. काही भीतीने थिजलेल्या असतात. डोळ्यांची पांढरी कड दिसते, श्वास वाढलेला असतो, शेण पातळ होतं. न ओरडणं म्हणजे संमती नव्हे, हे गोठ्यातही खरं आहे.

आता सावधगिरीचा मुद्दा, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. टेंपलची पुस्तकं वाचून काही लोक म्हणू लागले की ऑटिस्टिक माणसं प्राण्यांसारखी असतात, प्राण्यांच्या जवळची असतात. हे ऐकून आपण दचकायला हवं. बाई निसर्गाच्या जवळची, बाई मुळातच मायाळू, असा गौरव करून आपल्याला बुद्धीच्या दाराबाहेर कसं बसवलं गेलं, ते आपण भोगलं आहे. शास्त्रीय बाजूनेही हरकती आल्या. २००८ साली 'प्लॉस बायॉलॉजी' या नियतकालिकात काही संशोधकांनी असं मांडलं, की प्राण्यांची खास कौशल्यं आणि काही ऑटिस्टिक व्यक्तींची असाधारण कौशल्यं एकाच मुशीतली मानता येत नाहीत. टेंपलनेही नंतरच्या लेखनात स्पष्ट केलं, की सगळ्याच ऑटिस्टिक व्यक्ती चित्रांत विचार करत नाहीत. कुणी आकृतिबंधांत करतं, कुणी शब्दांत. मला तिच्या कामातून जो धडा दिसतो, तो 'ऑटिस्टिक म्हणजे प्राण्यासारखा' हा नव्हे. विचार करायच्या रीती अनेक आहेत, आणि शब्द ही त्यांतली एक आहे, एवढाच तो आहे.

दुसरा एक समज असा, की ऑटिस्टिक माणसाला दुसऱ्याच्या भावना कळत नाहीत. सायमन बॅरन-कोहेन या केंब्रिजच्या प्राध्यापकांनी तर ऑटिझमला 'टोकाचा पुरुषी मेंदू' म्हटलं. म्हणजे भावना बायकांच्या, रचना पुरुषांची, हा आपला जुनाच पाढा पुन्हा प्रयोगशाळेतून! त्याला एक चांगलं उत्तर २०१२ साली इंग्लंडचे डेमियन मिल्टन यांनी दिलं. ते समाजशास्त्रज्ञ आहेत आणि स्वतः ऑटिस्टिक आहेत. ते म्हणतात, न समजणं हे दोन्ही बाजूंनी असतं. ऑटिस्टिक माणसाला तुमचा चेहरा वाचता येत नाही, तसा तुम्हालाही त्याचा वाचता येत नाही. मग कमतरता त्याच्या एकट्याच्या खात्यावर का मांडता? जो संख्येने मोठा त्याची भाषा प्रमाण ठरते, हे आपण जातीच्या आणि बाईच्या प्रश्नात शिकलोच आहोत.

तुमच्यातल्या काहीजणींच्या मनात मघापासून एक प्रश्न असणार. प्राण्यांचं मन जाणणारी बाई कत्तलखाने कसे आखते? हा प्रश्न तिलाही सतत विचारला गेला. तिचं म्हणणं असं, की माणसं मांस खाणार असतील तर त्या जनावराला जगताना धडपणे जगू देणं आणि मरताना भीती न देणं हे आपलं देणं आहे. तिच्याशी असहमत असणारे अनेक आहेत, आणि ते प्रामाणिक आहेत. कुणी काय खावं हा आजचा विषय नाही, आणि आपल्याकडे त्या प्रश्नावरून माणसांची डोकी फुटतात हेही आपण जाणतो. मी एवढंच म्हणेन, की गाईची पूजा करणाऱ्या गावात मी पाण्यावाचून उन्हात बांधलेल्या गाई पाहिल्या आहेत. पूजा वेगळी आणि समजून घेणं वेगळं. देवी म्हणून मखरात बसवलेल्या बाईला हे समजावून सांगायची गरज नाही.

आता आपल्या कामाकडे येते. ऑटिझम मुलग्यांतच जास्त, असं वर्षानुवर्षं मानलं गेलं. चार मुलग्यांमागे एक मुलगी, हा ठरलेला आकडा. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा प्रमाण तीनास एकच्या जवळ आलं. मुली निसटतात. का? गप्प बसणारी, डोळ्याला डोळा न देणारी, एकाच कामात गढलेली मुलगी आपल्याला वळण लागलेली वाटते. मुलगा असा वागला तर डॉक्टर, मुलगी वागली तर कौतुक! शिवाय मुली दुसऱ्यांची नक्कल करून वेगळेपण लपवायला शिकतात, आणि त्या लपवण्याने आतून पिचून जातात. अशी मुलगी लग्न करून सासरी गेली की तिचं काय होत असेल? आपल्या सल्लाकेंद्रात येणाऱ्या, 'तिरसट', 'घुमी', 'माणसांत न मिसळणारी' म्हणून टाकलेल्या बायकांत अशा किती असतील? हा प्रश्न आपण स्वतःला अजून विचारलेलाच नाही.

कायदा काही पावलं पुढे आला आहे. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात ऑटिझमचं नाव नव्हतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आलं, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे. पण प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या गावी खेपा कोण घालतं? शाळेबाहेर दिवसभर बसून कोण राहतं? आईच. तिचा रोज बुडतो, तिचं दुखणं अंगावर निघतं. मुलाच्या हक्काबरोबर तिच्या विसाव्याचा, तिच्या मजुरीचा प्रश्न मांडणं हे आपलं काम आहे.

आणि पहिलं काम अगदी जवळचं आहे. अशी आई केंद्रात आली, की "याला कधीपासून असं आहे, गरोदरपणी काय झालं होतं" हे विचारू नका. विचारा, "त्याला काय आवडतं? कशाने त्रास होतो?" मघाची ती बाई म्हणाली होती, की मला कळतं हे कुणाला पटत नाही. आपल्याला पटलं पाहिजे. आणि ते वहीत लिहून घेतलं पाहिजे. तिचं ज्ञान ज्ञान म्हणून नोंदलं गेलं, तरच ते उद्या डॉक्टरपुढे, शाळेपुढे, कोर्टापुढे टिकेल. मूल मोठं असेल, स्वतः सांगू शकत असेल, बोलून, लिहून किंवा बोट दाखवून, तर आधी त्याला विचारा. आईने त्याच्या वतीने किती बोलावं, हाही प्रश्न आहे. ऑटिस्टिक माणसं तो विचारत आहेत, आणि आपण तो ऐकायला हवा.

शेवटी एक सुचवते. पुढच्या बैठकीच्या आधी आपल्यापैकी एकीने केंद्राच्या खोलीत जावं आणि चार वर्षांच्या मुलाच्या उंचीवर, गुडघ्यावर बसावं. ट्यूबलाइट लुकलुकते का, पंखा करकरतो का, दार धाडकन आपटतं का, फिनेलचा वास किती येतो, एकाच वेळी किती बायका बोलतात, हे सगळं बघावं, ऐकावं आणि कागदावर मांडावं. मग जे काढता येईल ते काढू. याला मोठा निधी लागत नाही, प्रकल्प लागत नाही. गुडघे तेवढे लागतात.

एवढं बोलून थांबते. प्रश्न विचारा, वाद घाला.